सायकलवाल्याने घर परतीच्या रस्त्यावरून ठरवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बदली, नोकरी किंवा शिक्षणासाठी नव्या शहरात घर शोधणाऱ्यांना वर्तमानपत्रांतून बरेच मार्गदर्शन मिळते. पाणी, शाळा, दवाखाना, पार्किंग, स्टेशनचे अंतर, सगळे त्यात असते. हौस म्हणून सायकल चालवणाऱ्याला लागणारी माहिती मात्र नसते, आणि असलीच तर 'जवळच सायकल ट्रॅक' एवढ्यावर भागवलेली असते. रोज सायकलने कामाला जाणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याला एकच वाट नीट असली की पुरते. हौशी माणूस आठवड्यातून तीन-चारदा, बहुधा पहाटे, २० ते ४० किलोमीटर फिरून येतो. दाराबाहेर पडून मोकळ्या रस्त्याला लागणे सोपे नसेल तर दोन महिन्यांत सायकल गॅलरीत जाते आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळू लागतात.

मोकळा, झाडांचा रस्ता घरापासून चारच किलोमीटरवर आहे, एवढ्याने काहीही ठरत नाही. त्या चार किलोमीटरांतला सर्वांत वाईट तुकडा कोणता, ते पाहायचे. अमेरिकेतील मिनेटा ट्रान्स्पोर्टेशन इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात रस्त्याचा सायकलस्वारावर येणारा ताण चार पायऱ्यांत मांडला आहे. पहिली पायरी लहान मुलांनाही झेपेल अशी, चौथी फक्त निर्ढावलेल्यांसाठी. त्यातला कळीचा नियम असा, की वाटेच्या ताणाची सरासरी काढायची नाही. सर्वांत वाईट तुकड्याची जी पायरी, तीच साऱ्या वाटेची. ३,६०० मीटर निवांत गल्ल्या आणि ४०० मीटर बस-ट्रकांचा सहापदरी रस्ता, हे गणित कागदावर झकास दिसते. पहाटे गजर वाजल्यावर आठवतात ते मात्र ४०० मीटरच, आणि माणूस कूस बदलून झोपतो.

असे तुकडे नकाशावर आधीच ओळखता येतात. नदी, लोहमार्ग आणि वेगवान वाहतुकीचा मोठा रस्ता या तीन रेषा शहराचे तुकडे पाडतात. घर आणि मोकळा रस्ता यांच्यामध्ये अशा किती रेषा येतात आणि प्रत्येक रेषा ओलांडायला किती जागा आहेत, ते मोजा. एकच पूल असेल तर त्यावर साऱ्या भागाची वाहने येणार हे गृहीत धरा. दोन-तीन जागा असतील आणि त्यांतली एखादी जुना अरुंद पूल किंवा पादचारी पूल असेल, तर तो भाग कामाचा. उड्डाणपुलावर चढ किंवा उंची फारशी नडत नाही. नडते ती डावीकडून येऊन मिळणारी मार्गिका. तिथे मागून वेगात येणारी आणि बाजूने घुसणारी वाहने यांच्या मधोमध सायकल सापडते. भुयारी मार्गाचे दुखणे निराळे. तो आसपासच्या भागातला सर्वांत खोल बिंदू असल्याने पावसात तिथे पाणी तुंबते. शिवाय उन्हातून एकदम अंधारात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो आणि नेमका त्याच वेळी खड्डा येतो.

आता परतीच्या वेळेकडे वळू. घरे पाहायला लोक रविवारी दुपारी जातात, आणि फारच चौकस माणूस पहाटे जाऊन रस्ता बघून येतो. पहाटे पावणेसहाला कुठल्याही शहरातला कुठलाही रस्ता चांगलाच असतो. सायकलवाला परततो तो आठ-सव्वाआठला, तेव्हा शाळेच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या आणि दुहेरी रांगेत लावलेल्या मोटारी त्याच रस्त्यावर असतात. पायही तेव्हा थकलेले, लक्ष थोडे ढिले. म्हणून कामाच्या दिवशी, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान, मोकळ्या रस्त्याकडून घराच्या फाटकाकडे एकदा स्वतः यावे. सायकल नसेल तर रिक्षाने, नाहीतर चालत.

अशा वेळी फाटकासमोर उभे राहून दुभाजक बघा. वाहतूक डाव्या बाजूने चालत असेल तर परतताना घर डाव्या हाताला येणे सर्वांत चांगले. उजव्या हाताला येत असेल तर दुभाजकाला तोंड कुठे आहे ते शोधा. फाटकापुढे ६०० मीटरवर तोंड असेल तर वळसा १,२०० मीटरचा होतो, आणि मग जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी उलट्या बाजूने यायला लागतो. ही सवय लागते ती माणूस बेशिस्त असतो म्हणून नव्हे, दुभाजक तसा असतो म्हणून. मोठ्या चौकातून उजवीकडे वळावे लागणार असेल तर दोन टप्प्यांत वळायला जागा आहे का ते पाहा. आधी सरळ जाऊन चौकापलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबायचे, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करायची आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की निघायचे. त्या कोपऱ्यावर एक सायकल उभी राहील एवढी, म्हणजे साधारण दोन मीटर लांबीची मोकळी जागा हवी. तिथे टपरी किंवा रिक्षाथांबा असेल तर हा उपाय चालत नाही.

वेळेचा हिशेब घरमालकाशी बोलण्याआधी करावा. सकाळी हाताशी दीड तास आहे आणि वेग ताशी २० किलोमीटर आहे असे धरा. मोकळ्या रस्त्याला लागायला २५ मिनिटे आणि परत यायला २५ मिनिटे गेली, तर खऱ्या फिरण्याला ४० मिनिटे उरतात, म्हणजे जेमतेम १३ किलोमीटर. हीच वाट १० मिनिटांची असेल तर ७० मिनिटे, म्हणजे २३ किलोमीटर मिळतात. एका बाजूला १० ते १२ मिनिटे ही मर्यादा धरून चालावे. मात्र त्यासाठी कामाच्या ठिकाणापासून फार लांब जाऊ नये. आठवड्यातून तीन फेऱ्या आणि प्रत्येक बाजूला १५ मिनिटे वाचली, तर आठवड्याला ९० मिनिटे हाती येतात. पण त्यापायी कामावर जायला १० आणि यायला १० मिनिटे जास्त लागली तर पाच दिवसांत १०० मिनिटे गेली. वर रात्री उशिरा घरी पोचणारा पहाटे पाचला उठत नाही. वाईट तुकडा सहन होण्याजोगा असेल तर कामाजवळचे घर घ्यावे, असे आमचे मत. मोकळ्या रस्त्याच्या मोहाने शहराबाहेर राहायला गेलेल्यांची सायकल आधी सुटते.

नकाशे वापरावेत, पण ते काय सांगत नाहीत हे ओळखून. स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवर सायकलस्वार कुठून जातात ते ठळक रेषांत दिसते. ठळक रेषा म्हणजे उत्तम रस्ता, असा अर्थ काढू नका. दुसरी वाटच नसेल तर सगळे महामार्गानेच जातात आणि महामार्ग उजळून निघतो. ठळक रेषेला अनेक बारीक फाटे फुटत असतील तर तो भाग चांगला, कारण लोकांना तिथे निवड करता येते. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप गल्लीबोळ, पायवाटा आणि पादचारी पूल यांसाठी बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडतो, आणि त्यावरच बेतलेल्या सायक्लओएसएम या नकाशात सायकलीच्या सोयी वेगळ्या दाखवलेल्या असतात. गूगल मॅप्समध्ये वाहतुकीचा थर चालू करून 'नेहमीची वाहतूक' हा पर्याय घेतला की वार आणि वेळ निवडता येते. तिथे मंगळवार सकाळ आणि आठचा सुमार बघावा. उपग्रहाच्या चित्रात झाडांची सावली, रस्त्याकडेला उभे ट्रक आणि खडीचे ढीग दिसतात. ट्रकांची रांग दिसली की पुढे गोदाम, खाण किंवा बांधकाम आहे असे समजावे.

चढ-उताराच्या आलेखांबाबत एक सावधगिरी. असे अनेक आलेख २००० मध्ये अवकाशयानातून केलेल्या रडार-मोजणीवर आधारलेले असतात आणि त्यात साधारण ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची धरलेली असते. पूल आणि बोगदे त्याला कळत नाहीत. दरीवर सपाट पूल असला तरी आलेखात खोल खड्डा दिसतो, आणि बोगदा असेल तर अख्खा डोंगर चढावा लागेल असे वाटते. म्हणून एकूण चढाईच्या आकड्यावर विसंबू नका. समोच्च रेषांचा नकाशा उघडा, घर आणि मोकळा रस्ता यांच्या उंचीतला फरक काढा आणि अंतराने भागा. एक किलोमीटरला ५० मीटर म्हणजे ५ टक्के चढ. सायकलसह ८० किलो वजन धरले तर सपाटीवर ताशी २० च्या वेगाला साधारण ८० वॅट लागतात. ५ टक्के चढावर ताशी १० च्या वेगालाच १२५ वॅटच्या आसपास लागतात. पुढे ३४ दातांचे चाक आणि मागे ३२ दातांचे, असा हलका गिअर असेल तर ८ टक्के चढही बसल्या बसल्या निघतो, पण वेग ताशी आठवर येतो.

टेकडीवरच्या घरातून दृश्य छान दिसते, आणि प्रत्येक फेरीचा शेवट चढाने होतो. पायथ्याच्या घरातून निघाल्याबरोबर, पाय गरम व्हायच्या आत चढ येतो. यांत डावे-उजवे करायचे तर पायथा बरा. दमून परतताना उतार मिळतो, आणि सुरुवातीला दहा मिनिटे सपाट गल्ल्यांतून फिरून मग चढाला भिडता येते. उताराच्या तळाशी सिग्नल किंवा गतिरोधक आहे का, ते मात्र बघा. ताशी ३० च्या वेगात एक सेकंद सावरायला गेला की आठ मीटरहून अधिक अंतर कापले जाते, आणि कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावून थांबायला आणखी सात मीटर तरी लागतात. उतारावर ते वाढते. रिमवर घासणारे ब्रेक ओले असतील तर पहिल्या काही क्षणांत जवळजवळ धरतच नाहीत.

घराच्या कोणत्या दिशेला मोकळा रस्ता आहे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पहाटे फिरणाऱ्यासाठी तो पश्चिमेला असावा. निघताना उगवता सूर्य पाठीशी राहतो, आणि तासाभराने पूर्वेकडे तोंड करून परतेपर्यंत तो वर चढलेला असतो. रस्ता पूर्वेला असेल तर निघाल्यापासून ऊन डोळ्यांत जाते. त्याहून वाईट म्हणजे मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत ते जाते आणि त्याला पुढची सायकल दिसत नाही. संध्याकाळी फिरणाऱ्यालाही पश्चिमच बरी, परतताना मावळतीकडे झुकलेला सूर्य पाठीशी राहतो. वाऱ्याचेही तसेच. ताशी २० च्या वेगाने जाताना समोरून ताशी १५ चा वारा आला तर हवेचा विरोध तिपटीने वाढतो. म्हणून त्या हंगामात वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला जाताना जायचे आणि येताना तो पाठीवर घ्यायचा. समुद्राकाठच्या शहरात दिवस तापू लागला की वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहू लागतो. उशिरा निघणाऱ्याला तेव्हा समुद्राकडून घरी येणे सोपे, समुद्राकडे जाणे जड.

पहाटेची हवा शुद्ध असते, हे थंडीच्या दिवसांत खरे नसते. जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा राहतो आणि धूर खालीच कोंडतो. सखल, बशीसारख्या भागांत हे जास्त होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांची २४ तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. सायकल चालवताना श्वासातून आत जाणारी हवा बसल्यापेक्षा कितीतरी पट असते, म्हणून हा आकडा आपल्यासाठी अधिक मोलाचा. अंतराचा उपयोग मोठा आहे. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण मोठ्या रस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत गेले की झपाट्याने कमी होतात. मुख्य रस्त्याला समांतर जाणारी आतली गल्ली असेल तर ती वाट थोडी लांबची असली तरी फायद्याची.

रस्त्याच्या पृष्ठभागावरून भाग नाकारण्याची घाई करू नये. टायर बदलता येतो, दुभाजक हलवता येत नाही. खडबडीत रस्त्यांच्या शहरात २५ मिलिमीटरचा टायर हट्टाने वापरण्यात अर्थ नाही. ३२ चा टायर बसतो का बघा. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर तरी फट हवी, नाहीतर चाक जरा आऊट झाले की टायर घासतो. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये सुमारे ७५ ते ८० पीएसआय, ३२ मध्ये ६० ते ६५ आणि ४० मध्ये ४० ते ४५ इतकी हवा पुरते. मात्र काही गोष्टी टायर रुंद करूनही सुटत नाहीत. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनेच उभ्या असतील तर चाक आत अडकते, पट्ट्या आडव्या हव्यात. रूळ रस्त्याला तिरपे छेदत असतील तर ते काटकोनाच्या जवळपास ओलांडता येतील एवढी रुंदी बाजूला हवी. सावलीतले पेव्हर ब्लॉक पावसात शेवाळतात, तिथे वळताना ब्रेक लावला की सायकल घसरलीच. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या केसाएवढ्या असतात, टायरमध्ये रुततात आणि बाहेरून दिसत नाहीत. पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून फडके फिरवून तार शोधून काढली नाही, तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

'सायकल ट्रॅक' या शब्दावर भुलू नये. दुतर्फा ट्रॅकला तीन मीटर, एकेरीला दोन मीटर रुंदी असेल तरच एकमेकांना ओलांडता येते. दर १०० मीटरला किती फाटके ट्रॅकवर उघडतात, ते मोजा. तीन-चार असतील तर तो ट्रॅक चालणाऱ्यांसाठीच ठीक, कारण प्रत्येक फाटकातून मोटारीचे नाक आधी बाहेर येते आणि चालकाची नजर मागाहून. शेजारी मोटारी उभ्या राहत असतील तर उघडणारे दार मीटरभर जागा खाते. उद्यानातली दोन किलोमीटरची चक्री मुलांना शिकवायला उत्तम, मोठ्या माणसाला ती आठवडाभरात पुरी होते. त्यापेक्षा दारातून निघून दारात येणारी तीन वेगवेगळी वर्तुळे जमतात का ते नकाशावर आखून पाहा: एक १५-२०, एक २५-३० आणि एक ४० किलोमीटरच्या पुढचे. तिन्हींची पहिली दोन किलोमीटर एकच असतील तर चालेल. पाच किलोमीटर एकच असतील तर वर्तुळे तीन असूनही रस्ता एकच आहे.

शहराच्या कडेला घर घेणाऱ्याने विकास आराखडा बघितल्याशिवाय सही करू नये. आज बैलगाडीही न दिसणारा रस्ता आराखड्यात ३० किंवा ४५ मीटर रुंद दाखवलेला असेल, तर आधी डंपर येतात, मग वळणावर खडी आणि वाळू सांडते, मग वाहतूक येते. कचऱ्याचे ढीग असलेल्या कोपऱ्यांवर पहाटे कुत्र्यांचे टोळके असते. अशा वेळी पळ काढण्यापेक्षा उतरून, सायकल मध्ये धरून, सावकाश चालत पुढे जाणे बरे. रोजच्या वाटेवर असे दोन कोपरे असतील तर वाट बदला.

घर पसंत पडले तरी सायकल आत जाते का, हे मोजपट्टीने ठरवावे. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. १.१ मीटर गुणिले १.४ मीटरच्या लिफ्टचा कर्ण १.७८ मीटर येतो, म्हणजे सायकल तिरपी करूनच जेमतेम मावते आणि माणसाला कोपऱ्यात अंग चोरावे लागते. लहान लिफ्टमध्ये पुढचे चाक काढावे लागते, किंवा सायकल मागच्या चाकावर उभी करावी लागते. उभी करताना मागचा ब्रेक दाबून धरा, नाहीतर ती घरंगळते. जिन्याने न्यायची असेल तर वळणावरची रुंदी बघा, सपाट हँडल ६० ते ७० सेंटिमीटर जागा घेते. तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसली तर सायकल तिथे ठेवू नका. ओल आणि खारी हवा चेन गंजवतेच, शिवाय सीटची दांडी फ्रेममध्ये धरून बसते. ती वर्षातून दोनदा काढून, पुसून, ग्रीस लावून बसवावी. दांडी कार्बनची असेल तर ग्रीस नव्हे, कार्बनसाठीची पेस्ट.

शेवटी भाडेकरार. शक्य असेल तर पहिला महिना त्याच भागात तात्पुरती खोली घेऊन राहावे, आणि त्यात कामाच्या दिवसाची पहाट, परतीची सकाळ, रविवार, अंधार पडल्यानंतरची वेळ आणि एक पावसाळी दिवस असा अनुभव घ्यावा. पावसाळा दूर असेल तर भुयारी मार्गाच्या भिंतीवरचे डाग आणि गटारांच्या झाकणांभोवतीचा गाळ बघावा, त्यावरून पाणी कुठवर येते ते कळते. सायकल लिफ्टने नेता येईल आणि घरात किंवा जिन्याखाली ठेवता येईल, हे सोसायटीकडून लेखी घ्यावे. तोंडी परवानगी नवा वॉचमन आला की संपते.

कळावे,
एक सायकलस्वार वाचक